मामाचं छत आणि गल्लीचा डेटा

‘अगं, तू पेपरात कामाला लागलीस ना? मग या सोलरचं काहीतरी छाप!’ मे महिन्यात मामाचा फोन आला तो असा तापलेलाच. त्यानं गावच्या घरावर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं होतं. पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजारांची सबसिडी मिळाली, बाकीचे पैसे त्यानं साठवलेले. आता बिल जवळजवळ शून्यावर येईल असं सगळ्यांनी सांगितलेलं. बिल कमी झालं, पण शून्याच्या आसपासही आलं नाही. बसवणारा म्हणाला, ‘ढग असतील.’ एप्रिलमध्ये? आमच्या गावी?

मी मास कॉमची स्टुडंट. फिजिक्सशी संबंध बारावीनंतर संपलेला. तरी म्हटलं, बघूया. आणि त्या बघण्यात जे सापडलं ते तुम्हाला सांगायचंय. कारण तुमच्या घरावर किंवा कॉलेजच्या गच्चीवर सोलर असेल, तर उद्या हा फोन तुम्हालाही येऊ शकतो.

आधी, किती वीज व्हायला हवी होती?

हे कळल्याशिवाय ‘कमी होतेय’ म्हणण्याला अर्थ नाही. यासाठी ‘पीव्हीजीआयएस’ नावाचं एक ऑनलाइन टूल आहे. युरोपियन कमिशनच्या जॉइंट रिसर्च सेंटरनं ते बनवलंय. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. उपग्रहांनी वर्षानुवर्षं केलेल्या नोंदींवरून कुठल्या ठिकाणी किती ऊन पडतं याचा हिशेब त्यात आहे. नकाशावर आपलं घर शोधायचं, पॅनेल किती किलोवॉटचे, किती अंशात कललेले, तोंड कुठल्या दिशेला एवढं भरायचं. महिन्यागणिक किती युनिट मिळतील याचा अंदाज समोर येतो.

मामाच्या घरासाठी एप्रिलचा अंदाज आला ३९० युनिटच्या आसपास. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये नोंद होती २९० ची. पीव्हीजीआयएसचा आकडा अनेक वर्षांची सरासरी असतो. त्यामुळे थोडं इकडेतिकडे होणार हे धरलं, पॅनेलवरची धूळही धरली. तरी १०० युनिटचा खड्डा जरा मोठाच होता.

मग अ‍ॅपमध्ये दर दिवसाचा आलेख उघडला. सोलरचा आलेख कसा असतो? सकाळी हळूहळू चढतो, दुपारी माथ्यावर जातो, संध्याकाळी उतरतो. डोंगरासारखा. मामाच्या डोंगराला ऐन दुपारी दात पडलेले! बाराच्या सुमारास वीज एकदम शून्य, मग पुन्हा चालू, पुन्हा शून्य. खाली एरर लॉगमध्ये तेच ते वाक्य: ग्रिड ओव्हरव्होल्टेज.

ऊन होतं, पण वाट नव्हती

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण गोष्टीचा गाभा हाच आहे. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. नियमानुसार तो ६ टक्के वर किंवा ६ टक्के खाली चालतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४. छतावर तयार झालेली जादा वीज तारेत ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा किंचित जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. दुपारी गावात वापर कमी, बरीच मंडळी शेतात. अशा वेळी एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या चार-पाच छतांनी वीज ढकलली की लाइनचं व्होल्टेज चढतं. जो ट्रान्सफॉर्मरपासून सगळ्यात लांब, त्याच्याकडे बहुधा सगळ्यात जास्त. ठरलेली मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःच बंद होतो. मामाचं घर नेमकं लाइनच्या शेवटी.

स्क्रीनशॉट घेऊन मामा वीज कार्यालयात गेला. उत्तर मिळालं, ‘तुमच्या एकट्याचीच तक्रार आहे. इन्व्हर्टर खराब असेल.’

खरं सांगू? त्यांचंही पूर्ण चुकलं नव्हतं. एका घराच्या आकड्यावरून बिघाड घरात आहे की लाइनमध्ये, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मामानं गल्लीतल्या सोलरवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. पाच घरं. मी एक शेअर्ड शीट बनवली: तारीख, बंद पडल्याची वेळ, तेव्हाचं व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरपासून कितवं घर. तीन आठवडे सगळ्यांनी भरली. शीटमध्ये दिसलं की पाचांपैकी तिघांचे इन्व्हर्टर त्याच दिवशी, जवळपास त्याच वेळी बंद पडत होते. आणि कंपन्या तीन वेगवेगळ्या. आता ‘तुमचा इन्व्हर्टर’ म्हणायला जागाच उरली नाही.

हीच युक्ती, मोठ्या पातळीवर

आमच्या गल्लीनं काही नवीन शोध लावला नाही हं. पुण्याच्या ‘प्रयास (ऊर्जा गट)’ या संस्थेनं गेल्या दशकात हेच देशभर करून दाखवलं होतं. त्यांचं यंत्र साध्या प्लगमध्ये लावायचं. ते मिनिटामिनिटाला व्होल्टेज नोंदवायचं आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवायचं. वेगवेगळ्या राज्यांतल्या शहरांत आणि खेड्यांत अशी शेकडो यंत्रं बसली. कुठे संध्याकाळी किती तास वीज होती, व्होल्टेज किती पडलं, याची नोंद ‘वॉच युअर पॉवर’ नावाने सगळ्यांसाठी खुली ठेवली. ‘आमच्याकडे वीज नसते हो’ या वाक्याला तारीख आणि वेळ मिळाली.

ब्रिटनमध्ये प्रश्न वेगळा होता. तिथे छतांवर लाखो पॅनेल, पण ते नेमके कुठे आहेत याची नीट खुली यादीच नव्हती. ढग आला की कुठल्या भागात किती वीज कमी होईल, हे सांगणार कसं? मग ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या लोकांनीच बनवलेल्या नकाशावर हौशी मंडळी कामाला लागली. कुणी हवाई छायाचित्रं बघून, कुणी आपल्या गल्लीत फेरी मारून एकेक छत नोंदवत गेलं. सरकारी नोंदींशी ते जुळवून २०२० मध्ये २ लाख ६० हजारांहून जास्त सोलर संचांचा खुला डेटा प्रसिद्ध झाला. अंदाजे देशातल्या ८६ टक्के सौरक्षमतेचा! यातल्या बहुतेकांनी कोडची एक ओळही लिहिली नसेल.

आपल्याकडे पीएम सूर्यघरचं लक्ष्य १ कोटी घरांचं आहे. म्हणजे मामासारख्या गल्ल्या वाढणारच. पॅनेल बसवले की काम संपलं असं नाही. कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर किती छतं आहेत आणि दुपारी तिथे काय होतं, हे दिसलं पाहिजे.

तुम्ही काय करू शकता?

● कॉलेजच्या गच्चीवर सोलर असेल तर महिन्याचे युनिट मागा आणि पीव्हीजीआयएसच्या अंदाजाशी ताडून बघा. प्रोजेक्टचा विषय मिळाला समजा.

● ओपन स्ट्रीट मॅपवर खातं उघडून आपल्या परिसरातली सोलर छतं नोंदवा. फक्त गुगल मॅप्सवरून बघून उतरवू नका. त्याची परवानगी नाही. अ‍ॅपमध्येच दिलेली उपग्रह चित्रं वापरा.

● आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, पळू नका. शीट भरायला घराघरांत जाऊन बोलावं लागतं, लोकांना पटवावं लागतं. ते काम तुमचं.

● आणि एक सावधगिरी. मिनिटामिनिटाच्या वीजवापरावरून घरात कोण कधी नसतं हेही कळतं. त्यामुळे नाव, ग्राहक क्रमांक, घराचा नेमका पत्ता कधीच खुला टाकू नका. आमच्या शीटमध्ये ‘घर १’ ते ‘घर ५’ एवढंच होतं. आणि तेही पाचही घरांना विचारूनच.

आता तुम्ही विचाराल, मामाचं झालं काय? पाच जण शीटची प्रिंट घेऊन एकत्र गेले. या वेळी माणूस आला, त्यानं भरदुपारी लाइनवर व्होल्टेज मोजलं आणि काही दिवसांनी ट्रान्सफॉर्मरची सेटिंग एक पायरी खाली आणली. इन्व्हर्टर बंद पडणं बरंच कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही. आणि आता शेवटच्या दोन घरांत संध्याकाळी व्होल्टेज जरा कमी मिळतं. म्हणजे खरा उपाय जाड तार किंवा आणखी एक ट्रान्सफॉर्मर. तो अर्ज अजून पडून आहे.

शीट मात्र चालू आहे. परवा मामाचा मेसेज आला: ‘गल्लीत सहावं सोलर लागलं. त्याला ग्रुपात घेतलंय. घर ६ ची रांग वाढव.’