अतुल : पार नदीकाठचा रंगोद्योग

अहमदाबादच्या गिरण्यांत विणले जाणारे कापड देशी असले, तरी त्यावरचा रंग बहुधा परदेशी असे. एके काळी जगाला नीळ पुरवणाऱ्या देशावर ही वेळ आली होती. १८९७ पासून जर्मन कृत्रिम नीळ बाजारात येऊ लागली आणि येथील निळीचा व्यापार मोडला. पुढे दुसऱ्या महायुद्धात रंगांची आयात आटली, तेव्हा या परावलंबनाची किंमत गिरणीमालकांना चांगलीच उमगली.

शेठ कस्तुरभाई लालभाई हे त्यांपैकीच एक. १९१२ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि सतराव्या वर्षी शिक्षण सोडून ते गिरणीच्या कारभारात शिरले. परदेशी रंगांची एजन्सी घेऊन दलाली मिळवणे त्यांना सहज शक्य होते. व्यापारी हिशेबाने तोच मार्ग सुरक्षित : माल आला, विकला, पैसा मोकळा झाला. कारखान्याचे गणित निराळे. बेन्झीन, नॅप्थॅलीन यांपासून आधी मधली रसायने करावयाची, मग त्यांतून रंग. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र यंत्रे आणि स्वतंत्र जाणकार, आणि तोवर भांडवल अडकून पडलेले. पेढीवर वाढलेल्या माणसाला हा धीर सोपा नसतो.

तरीही ५ सप्टेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, 'अतुल प्रॉडक्ट्स'ची स्थापना झाली. वलसाडजवळ पार नदीच्या काठी पाणी होते आणि मुंबईकडे जाणारा लोहमार्गही जवळ होता. तो प्रदेश त्या वेळी मुंबई राज्यातच मोडे. तंत्रज्ञान अमेरिकन सायनामिड कंपनीचे. १७ मार्च १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहत, शाळा आणि गर्द झाडीही उभी राहिली.

एका परदेशी कंपनीवर विसंबून न राहणे, ही अतुलची खरी चतुराई म्हणावी लागेल. १९५५ मध्ये ब्रिटनच्या आयसीआयबरोबर 'अॅटिक', १९६० मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबाबरोबर 'सिबातुल' अशा भागीदाऱ्या झाल्या. कालांतराने या दोन्ही कंपन्या अतुलमध्येच विलीन झाल्या.

जैन वाचकाच्या मनात मात्र एक प्रश्न उरतो. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्यही येते. आणि अतुलने रंगांबरोबर २,४-डीसारखे तणनाशकही बनवले. आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळून राणकपूर, देलवाडा येथील जीर्णोद्धार पार पाडणाऱ्या पुरुषाच्या घराण्याचा हा उद्योग. रंगाच्या सांडपाण्याचा निचरा हा दानधर्माच्या खात्यातला विषय नव्हे. तो उत्पादनखर्चच आहे आणि नफा मोजण्याआधी वजा व्हावयास हवा. आज वापी, अंकलेश्वर, तारापूर, डोंबिवली येथील रसायनधंद्यात आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरी पर्युषणात कर्मादानांचा विषय निघतो, तेव्हा तो केवळ पोथीतला राहत नाही.