व्हायवानंतरही चालणारं ॲप

प्रोजेक्टचा विषय ठरवायचे दिवस आले की कुठल्याही कॉलेजच्या कँटीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "लायब्ररी मॅनेजमेंट करूया ना, सीनियरकडे कोड आहे." मग त्या कोडला नवे रंग फासले जातात, ब्लॅक बुक बाइंडिंगला जातं, एक्स्टर्नल दहा-पंधरा मिनिटं बघतात आणि विषय संपतो. व्हायवानंतर ते ॲप कुणी उघडत नाही. गंमत म्हणजे ज्या लायब्ररीच्या नावानं ते बनलं, तिथे ग्रुपमधलं कुणी गेलेलंही नसतं.

यंदा जाऊन बघाल? महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालयं गावोगाव आहेत. एखादं तुमच्या घराजवळही असेल. तिथल्या बालविभागाच्या कपाटात पुस्तकं असतात, पण मूल मात्र मोबाइलमध्ये असतं. त्याच मोबाइलमधून त्याला गोष्टीपर्यंत आणि मग कपाटापर्यंत आणणारं वाचन ॲप हा तुमच्या हातातला प्रोजेक्ट आहे. फक्त तो 'सबमिट' करून संपणारा नाही, हे आधीच समजून घ्या.

आधी मुलांना विचारा

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात २००२ मध्ये 'इंटरनॅशनल चिल्ड्रन्स डिजिटल लायब्ररी' सुरू झाली. ॲलिसन ड्रुइन आणि बेन बेडरसन यांच्या टीमनं त्यात एक भन्नाट गोष्ट केली. सात ते अकरा वर्षांच्या मुलांना त्यांनी टेस्टिंगसाठी शेवटी बोलावलं नाही, तर पहिल्या दिवसापासून डिझाइनमध्ये भागीदार म्हणून घेतलं. मोठी माणसं पुस्तक शोधताना लेखक, नाव, विषय बघतात. मुलांना आठवतं ते 'लाल कव्हरचं', 'छोटंसं', 'प्राण्यांचं' पुस्तक. म्हणून त्या लायब्ररीत मुखपृष्ठाच्या रंगावरून आणि पुस्तकाच्या लांबीवरूनही शोधता येऊ लागलं.

आता तुमच्या ॲपचं पहिलं पान डोळ्यांसमोर आणा. वर सर्च बॉक्स, खाली 'लेखकाचे नाव टाका', बरोबर? तिसरीतल्या मुलाला ते काय कामाचं? त्यामुळे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी दोन-तीन शनिवार बालविभागात बसा. कागदावर चित्रं काढून स्क्रीन बनवा, मुलांपुढे ठेवा आणि त्यांची बोटं कुठे जातात ते बघा. कागद फाडायला पैसे पडत नाहीत. तयार ॲप मोडायला मात्र जिवावर येतं.

गोष्टी आणायच्या कुठून?

पुस्तक लायब्ररीनं विकत घेतलं म्हणजे ते स्कॅन करून ॲपमध्ये टाकायचा हक्क मिळत नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजींचं निधन १९५० मधलं, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त झालं. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे आपला लाडका फास्टर फेणे २०६१ अखेरपर्यंत परवानगीशिवाय स्कॅन करता येणार नाही. पण त्याचं पुस्तक कपाटात आहे, हे ॲप नक्की सांगू शकतं!

मोकळेपणानं वापरता येतील अशा गोष्टीही आहेत. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मिळतात. लेखक, चित्रकार, अनुवादक आणि मूळ प्रकाशकाला श्रेय दिलं की ती तुमच्या ॲपमध्ये घेता येतात. तिथे गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या असतात. ही कल्पना जरूर घ्या. कारण चौथीतलं प्रत्येक मूल चौथीचं पुस्तक वाचू शकतंच असं नाही, आणि 'तुझ्या इयत्तेचं पुस्तक' म्हटलं की न येणारं मूल गप्प होतं. पातळीला इयत्तेचं नाव देऊ नका, रंग द्या.

मराठीचे घोळ

इंग्रजी ट्युटोरियल बघून बनवलेलं ॲप मराठीत कुठे अडकतं माहितीये? 'ॲप' या शब्दातच! यातलं 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप होतं, तसंच 'अ' आणि वरचा चंद्र असं दोन तुकड्यांतही होतं. दिसायला सारखं, पण कंप्युटरसाठी वेगळं. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतल्या 'ऱ्य'चंही तसंच, तो दोन पद्धतींनी साठवला जातो. म्हणजे ग्रंथपालांनी एका कीबोर्डवर टाइप केलेलं पुस्तक मुलाच्या मोबाइलवर 'सापडत नाही' असं येणार, आणि पुस्तक मात्र समोरच्या कपाटात! त्यामुळे सर्चच्या आधी ही रूपं एकसारखी करून घ्यावी लागतात. ऱ्हस्व-दीर्घ, न-ण चुकलं तरी पुस्तक मिळालं पाहिजे, कारण शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायला आपण ॲप काढलेलं नाही.

बारकोड स्कॅन करून यादी झटपट भरू, असंही सुचेल. पण जुन्या मराठी पुस्तकांपैकी कितीतरींवर आयएसबीएन नाहीच. तिथे ग्रंथालयाचा दाखल क्रमांकच कामी येतो. यादी आधीच कंप्युटरवर असेल तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे का ते तपासा. तशी असेल तर कॉपी केल्यावर नुसती अगम्य चिन्हं हाती येतील. आणि हो, मुलाच्या हातात येतो तो घरातला जुना फोन, तोही आई किंवा बाबा घरी असतील तेव्हा. लायब्ररीच्या वायफायवर गोष्ट उतरवली की घरी नेटशिवाय उघडली पाहिजे.

मुलांची माहिती? नकोच!

लॉगिन, फोटो, शाळा, जन्मतारीख असे रकाने आपण सवयीनं टाकतो. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण 'मूल' धरला आहे. मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवायला किंवा त्यांना उद्देशून जाहिराती दाखवायला मनाई आहे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे माहिती घेऊच नका. टोपणनाव आणि एक चित्र पुरे. कुठवर वाचलं ते फोनमध्येच राहू द्या.

तुम्ही पास झाल्यावर काय?

खरा प्रश्न हा आहे. रोजची देवघेव सांभाळून ग्रंथपाल संध्याकाळी बसून बालविभागाची यादी ॲपमध्ये भरतील. मुलं आपली अर्धी राहिलेली गोष्ट शोधत येतील. तोवर तुमच्यातला एक पुण्यात नोकरीला, दुसरी एमएसला. प्ले स्टोअरचं खातं ज्याच्या नावावर होतं त्यानं नंबर बदललाय, सर्व्हरची फ्री मुदत संपलीय. यात तुमचं काही जात नाही, मार्क मिळालेले असतात. बुडते ती त्यांची मेहनत, आणि पुढच्या ग्रुपला ग्रंथपाल दारातूनच परत पाठवतात.

हे टाळता येतं, याचं उदाहरण न्यूझीलंडमध्ये आहे. १९९९ मध्ये होरोव्हेनुआ ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल झेपणारी नव्हती. त्यांनी एका छोट्या कंपनीकडून नवी बनवून घेतली आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. नाव ठेवलं 'कोहा', माओरी भाषेत भेट. मूळ कंपनीवर अवलंबून न राहता जगभरच्या लोकांनी ती पुढे नेली आणि आज भारतातली कितीतरी ग्रंथालयंही ती वापरतात.

म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा. खातं ग्रंथालयाच्या ईमेलवर काढायचं. कोड खुला ठेवायचा. यादी एक्सेलमध्ये कधीही बाहेर काढता आली पाहिजे, म्हणजे ॲप बंद पडलं तरी ग्रंथपालांचं काम वाया जाणार नाही. वापरायची माहिती मराठीत, दोन पानांत. आणि सेकंड इयरचे दोन ज्युनियर सुरुवातीपासून टीममध्ये घ्यायचे.

कोडिंग येत नाही म्हणून मागे राहू नका. गोष्टींना आवाज द्यायला नाटकवाले हवेत, चित्रांना फाइन आर्ट्सवाले, अनुवाद तपासायला मराठी विभागवाले आणि मुलांशी बोलून टिपणं काढायला आमच्यासारखे मास मीडियावाले. सुरुवात मात्र एकच, येत्या शनिवारी जवळच्या ग्रंथालयात जा. लॅपटॉप घरी ठेवा. ग्रंथपालांना एवढंच विचारा, "सर, मॅडम, मुलं कोणतं पुस्तक मागतात आणि ते त्यांना मिळत नाही?" उत्तर वहीत लिहून घ्या. तुमच्या प्रोजेक्टचा विषय त्यातच असेल.