पेव म्हणजे नक्की काय? : सांगली-हरिपूरच्या हळदबाजारात

"इंजिनिअरिंग कॉलेजांचं नुसतं पेव फुटलंय!" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या लग्नात, कुठल्या तरी काकांकडून ऐकलेलं असणारच. वर "तुला कुठली ब्रँच?" हा प्रश्नही. गंमत म्हणजे महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली ती १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. आणि दादा होते सांगलीचे, म्हणजे खऱ्याखुऱ्या पेवांच्या जिल्ह्यातले! माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'पेव' हा शब्द मला वाक्प्रचारांच्या यादीतच भेटला होता. तो जमिनीत असतो, त्याला तोंड असतं आणि त्यात माणूस उतरतो, हे हरिपूरला गेल्यावर कळलं.

आमच्या उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. तीच कृष्णा पुढे कराडला कोयनेला आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला भेटते. नदी तीच, पण हरिपूरच्या संगमावर तिने जी माती आणून टाकली तिच्यावर एक अख्खा बाजार उभा राहिला.

आधी बाजाराबद्दल. १८०१ च्या सुमाराला चिंतामणराव पटवर्धनांनी सांगलीला संस्थानची राजधानी केलं. नदीजवळ गणपतीचं मंदिर, त्याला लागून पेठ. गणपती पेठेत आजही मसाल्याची आणि किराण्याची जुनी दुकानं आहेत, फक्त गाडी लावायला जागा नाही. हळदीचे मोठे सौदे आता मार्केट यार्डात होतात. फेब्रुवारी ते मे हा खरा सीझन. यार्डात शिरलात की पाच मिनिटांत चपला, बॅग, भुवया, सगळं पिवळं. (पांढरा कुर्ता घालून जाऊ नये. हळदीला जाऊन आल्यासारखं दिसतं आणि होस्टेलवर चौकशी सुरू होते.)

व्यापारी पोत्यातून एक हळकुंड उचलतो आणि कट्‌कन मोडतो. नीट वाळलं असेल तर आवाज खणखणीत येतो, ओल असेल तर ते वाकतं. मोडलेल्या तोंडाचा रंग बघायचा: फिका पिवळा की गडद केशरी. मशीन नाही, मीटर नाही, दोन सेकंदांत टेस्टिंग खल्लास! मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये आपण याच कामाला दोन तास लावतो आणि वर जर्नल लिहितो ते वेगळंच.

शेतातून काढलेली हळद शिजवतात, दहा-पंधरा दिवस वाळवतात, मग पॉलिश करतात. अशी हळद वर्षानुवर्षं टिकू शकते, पण तिचे शत्रू तीन: कीड, ओल आणि उजेड. उजेडाने हळदीतलं कुरकुमिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, हळूहळू नष्ट होतं. भाव पडले की माल दाबून ठेवायचा तर तो ठेवायचा कुठे? याचं उत्तर सांगलीपासून चारेक किलोमीटरवरच्या हरिपुरात जमिनीखाली सापडलं. ('संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे, बरं का.)

पेव म्हणजे रांजणाच्या आकाराचा खड्डा. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट फुगीर, खोली साधारण वीस ते पंचवीस फूट. भिंती शेणामातीने लिंपलेल्या, तळाला आणि कडेने वाळलेल्या पाल्याचा थर. मी वहीत हिशोब मांडून पाहिला: खोली २० फूट आणि सरासरी व्यास १० फूट धरला तर आकारमान होतं सुमारे ४४ घनमीटर. घनमीटरला ४०० किलो हळद धरली तरी सतरा-अठरा टन! तेही भाडं, वीज, पत्रा, काही न लागता.

पेव भरलं की तोंड मातीने बंद. आत अंधार, तापमान जवळजवळ स्थिर. मालाबरोबर गेलेले किडे आणि सूक्ष्मजीव आतला ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि मग किडे स्वतःच मरतात. औषध नाही, धुरी नाही. आज हवाबंद पिशव्यांत धान्य साठवायचं जे तंत्र विकलं जातं त्याचा फंडा हाच. इटलीत चेरिन्योला गावी धान्याची अशीच जुनी भूमिगत पेवं आहेत. हरिपूरची माती घट्ट, पाणी सहज न झिरपू देणारी, म्हणून इथे हे जमलं. पेवातल्या हळदीचा रंग खुलतो आणि वजनही थोडं वाढतं असं व्यापारी सांगतात.

पण जी हवा किड्याला मारते ती माणसालाही सोडत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसून राहतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. तोंड काही तास उघडं ठेवतात, मग पेटता कंदील सोडतात. तिथल्या एका म्हाताऱ्या हमालमामांना मी विचारलं, "मामा, कंदील विझला तर?" ते म्हणाले, "तर घरला जायचं, बाळ. उद्या बगायचं." सेफ्टीच्या लेक्चरमध्ये 'कन्फाइन्ड स्पेस' यापेक्षा सोप्या भाषेत कुणी शिकवलेली नाही. एक मात्र खरं, कंदील ऑक्सिजन कमी आहे एवढंच सांगतो, विषारी वायू सांगत नाही. आज उतरायचं असेल तर गॅस मीटर आणि दोर हवाच.

मग पेवं मागे का पडली? २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि भरलेल्या पेवांतली हळद कुजली. ज्या नदीने माती दिली तिनेच माल नेला. वरून पडणारा पाऊस पेव अडवतं, पण दिवसेंदिवस डोक्यावर उभं राहिलेलं पाणी कुठली माती अडवणार? २०१९ मध्ये तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. आता बराच माल गोदामांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जातो. गोदामाची पावती दाखवून बँकेचं कर्जही काढता येतं. जमिनीतल्या खड्ड्याची पावती कोण देणार? २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सांगलीत अनेक पेवं बुजवली गेली आहेत. मला वाटतं, पूररेषेच्या वर तशी माती कुठे मिळते का, आत सेन्सर बसवून वायूचं आणि ओलीचं मोजमाप ठेवता येतं का, हा फायनल इयरचा चांगला प्रोजेक्ट होईल. 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' आणखी किती वर्षं करणार?

जायचं असेल तर उंब्रज-कराडकडून एसटीने सांगली, सकाळच्या सौद्यांच्या वेळी यार्ड, आणि दुपारी हरिपूर. आधी संगमेश्वराचं दर्शन घ्या, मग गावात विचारून पेवं बघा. तोंड उघडं दिसलं तर लांबूनच बघा, आत वाकू नका, आणि फोटोसाठी तर मुळीच नाही.