तरुणांच्या ताटातली भाजी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लासलगावचा कांदा, पिंपळगाव बसवंत आणि गिरणाऱ्याचा टोमॅटो, पंचवटीच्या मार्केट यार्डातून मुंबईला जाणारा भाजीपाला ही नाशिकची ओळख. याच शहरात शिकायला आलेली कितीतरी मुलं मात्र मिसळ, वडापाव आणि नूडल्सवर दिवस काढतात. ‘आजच्या पिढीला भाजी नकोच असते’ असं म्हणून हा विषय सोडून देता येणार नाही.

गैरसमज : भाजी पिकते तिथली मुलं भाजी खातातच.
वस्तुस्थिती : मेथीची जुडी आणली की ती निवडायची, माती जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांनी धुवायची, चिरायची आणि मग लसणाची फोडणी द्यायची. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाकडे ना गॅस असतो, ना तेवढा वेळ. त्यामुळे भाजीचा निर्णय त्याच्या वतीने मेसवाले किंवा कोपऱ्यावरची गाडीच घेते.

गैरसमज : बटाट्याची भाजी खाल्ली, म्हणजे भाजी झाली.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटना रोज फळं आणि भाज्या मिळून किमान 400 ग्रॅम खायला सांगते. त्यात बटाटा आणि रताळं धरलेलं नाही. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, गाजर, पालेभाजी मात्र जमेस धरली जाते.

गैरसमज : एखादी भाजी आवडत नसेल, तर ती कधीच आवडणार नाही.
वस्तुस्थिती : कडू चव ओळखणारं एक जनुक सगळ्यांचं सारखं नसतं, म्हणून मुळा किंवा कोबी काहींना जास्त कडू लागतो. इथवर मुलांची तक्रार खरी आहे. पण नकोशी भाजी थोडी थोडी, पुन्हा पुन्हा चाखली की ती आवडू लागते, असं लहान मुलांवरच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मोठेपणीही आवड बदलते. कॉलेजात गेल्यावर कडू कॉफीची गोडी लागतेच की!

गैरसमज : ‘तब्येतीला चांगली’ म्हटलं की तरुण भाजी खातात.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या उपाहारगृहात भाजी तीच, कृती तीच ठेवून फक्त पाटीवरचं नाव बदललं. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साध्या नावापेक्षा चटकदार नावाची भाजी 25 टक्के जास्त जणांनी घेतली. ‘कमी साखरेची’ अशा पथ्याच्या नावाशी तुलना केली, तर हाच फरक 41 टक्के भरला. म्हणून मेसच्या फळ्यावर ‘कमी तेलाची वांगी’ लिहिण्यापेक्षा ‘झणझणीत भरली वांगी’ लिहावं, आणि ती तशी करावीही.

गैरसमज : स्वयंपाक काय, लग्नानंतर येतोच.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्याच एका दीर्घ अभ्यासात, 18 ते 23 या वयात आपल्याला पुरेसा स्वयंपाक येतो असं सांगणारे तरुण दहा वर्षांनंतरही भाज्या घालून जेवण जास्त वेळा बनवताना आढळले. ही शिदोरी मुलाला आणि मुलीला सारखीच लागते.

घरापासून दूर गेलेल्या मुलांना फोनवर ‘भाजी खा’ असं बजावून फारसा उपयोग होत नाही. आयाबायांनो, बाबांनो, येत्या सुट्टीत त्यांना दोन चविष्ट भाज्या स्वतःच्या हाताने करायला शिकवा. मेसवाल्यांनीही रोज एक कोशिंबीर द्यावी आणि फोडणीत कंजूषपणा करू नये.