संगणकाची घरघर थांबवायची तर...

मुंबई / प्रतिनिधी

रात्री अकरानंतर रस्त्यावरची वर्दळ ओसरली, की दिवसभर त्या गोंगाटात बुडून गेलेला एक आवाज घरात वर येतो. टेबलाखालच्या संगणकाची घरघर. ज्यांचे घर मोठे आहे त्यांनी दार लोटून घ्यावे. पण जिथे कामाचे टेबल आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा पलंग यांत चार फुटांचेही अंतर नाही, तिथे हा प्रश्न गैरसोयीपुरता मर्यादित राहत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी तो २०२० च्या टाळेबंदीत उपटला. बातम्या घरून पाठवायच्या होत्या आणि त्याच खोलीत, हृदयशस्त्रक्रियेनंतर झोप हलकी झालेले वडील झोपत होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपण्याच्या खोलीतला आवाज सरासरी ३० डेसिबलच्या आत असावा, असे म्हटले आहे. जुना, धुळीने माखलेला संगणक ही मर्यादा सहज ओलांडतो.

अशा वेळी बहुतेक जण करतात तेच आम्ही केले. बाजारात जाऊन रंगीत दिव्यांचे तीन पंखे आणले. स्वस्त मिळाले, चमकलेही छान. परंतु आवाज मात्र वाढला. कारण नंतर कळले. त्या पंख्यांची जोडणी थेट वीजपुरवठ्याच्या चार पिनांच्या जाड प्लगला होती. त्यामुळे संगणकावर काम असो वा नसो, ते कायम पूर्ण वेगानेच फिरत. पंखा विकत घेताना आधी काय पाहायचे, हे त्या फजितीने शिकवले.

पंख्याचे काम समजले तर निवड सोपी होते. आपण सर्रास ज्याला ‘सीपीयू’ म्हणतो त्या लोखंडी पेटीत, म्हणजे कॅबिनेटमध्ये, वापरलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत बदलते. ती उष्णता हवेबरोबर बाहेर काढायची, एवढेच पंख्याचे काम. लेखन, हिशेब, इंटरनेट एवढ्यासाठी वापरला जाणारा संगणक साधारण १०० वॅट वीज घेतो असे धरू. आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी हवा १० अंश सेल्सिअसने अधिक तापलेली चालेल असे मानले, तर मिनिटाला जेमतेम १८ घनफूट हवा पुरते. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेला, ३०० वॅट खाणारा खेळाचा संगणक असेल तर सुमारे ५३ घनफूट लागते. आता १२० मिलिमीटरच्या साध्या पंख्याच्या खोक्यावर पाहा. ५० ते ७० घनफुटांचा आकडा दिसेल. तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, धूळगाळणी आणि तारांचे जंजाळ यांमुळे प्रत्यक्षात बरीच कमी हवा मिळते हे खरे. तरीही घरगुती संगणकाला सहा-सहा पंखे लागतात, हा समज दुकानांच्या काचेतूनच पसरलेला आहे.

आवाजाचे गणित याहून रंजक आहे. पंख्याचा वेग कमी केला तर हवा त्याच प्रमाणात कमी होते, पण आवाज त्याहून कितीतरी झपाट्याने उतरतो. अभियंत्यांच्या ठोकताळ्यानुसार वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने घटतो. आणि १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्या आवाजाएवढी वाटते. आता मिनिटाला १५०० फेरे घेणारा एक पंखा आणि १००० फेऱ्यांचे तसेच दोन पंखे यांची तुलना करा. दोन मंद पंखे मिळून हवा एक तृतीयांशाने अधिक देतात. दुसऱ्या पंख्यामुळे आवाजात ३ डेसिबलची भर पडते, पण वेग उतरल्याने जवळजवळ ९ डेसिबल आधीच कमी झालेले असतात. म्हणजे हवा जास्त आणि आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी. हे गणित आदर्श परिस्थितीतले असले, तरी त्याचा रोख स्पष्ट आहे: मोठे पंखे घ्यावेत आणि ते सावकाश फिरवावेत. ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असते, त्यामुळे तेवढीच हवा द्यायला त्याला धावपळ करावी लागत नाही. कॅबिनेटमध्ये १४० मिलिमीटरची जागा असेल तर उत्तमच. खरेदीआधी पट्टीने भोकांमधले अंतर मोजून घ्यावे. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या दोन स्क्रूंमधले अंतर १०५ मिलिमीटर असते.

वेग कमी करायचा तर त्याची सोय पंख्यात हवी, आणि ती तारेच्या टोकाला दिसते. तीन पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड विजेचा दाब कमी-जास्त करून बदलतो. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्टचा पूर्ण पुरवठा राहतो आणि चौथ्या तारेतून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणारा इशारा जातो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. पिनांची ही दुसरी पद्धत अधिक खालच्या वेगापर्यंत नेमके नियंत्रण देते. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक राहिलेला नसल्याने चार पिनांचाच पंखा मागावा. दुकानदाराने जाड प्लगचा पंखा पुढे केला, तर तो नम्रपणे परत करावा.

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. कोणत्या अंतरावरून, कोणत्या खोलीत मोजले हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते, आणि काही तर ते सांगतही नाहीत. शिवाय आवाजाची जातही महत्त्वाची. वाऱ्याचा सलग सळसळाट कान विसरतो. टिकटिक किंवा गुणगुण विसरत नाही. हा फरक बहुतांशी बेअरिंगमुळे पडतो. सर्वांत स्वस्त पंख्यांत स्लीव्ह बेअरिंग असते. नवे असताना ते अगदी शांत असते, पण उष्णतेने तेल सुकले की घरघर सुरू होते. पंखा आडवा बसवला असेल तर आणखी लवकर. बॉल बेअरिंग उष्णतेत दीर्घकाळ टिकते, परंतु बारीक खडखड पहिल्या दिवसापासून ऐकू येते. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगमध्ये तेलाचा थर दाबाखाली राहतो, म्हणून ते शांतही असते आणि टिकाऊही. आपल्याकडच्या मे महिन्याचा विचार करता थोडे जास्त पैसे घालायचेच असतील, तर ते दिव्यांपेक्षा इथे घालावेत.

पैशांचा विषय निघालाच आहे. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे तपकिरी पंखे शांततेसाठी नावाजलेले आहेत, आणि ती कीर्ती खरी आहे. पण तिच्या वरच्या श्रेणीतल्या एका पंख्याच्या पैशांत चांगल्या प्रतीचे दोन-तीन साधे पंखे येतात. तिच्याच ‘रेडक्स’ या स्वस्त मालिकेतला १७०० फेऱ्यांचा १२० मिलिमीटरचा पंखा किंवा आर्क्टिक कंपनीचा ‘पी १२’ हे मधल्या वाटेचे पर्याय होत. ‘पी १२’ ची पीडब्ल्यूएम आवृत्ती २०० पासून १८०० फेऱ्यांपर्यंत फिरते. आमच्या मते मध्यमवर्गीय घराला एवढे पुरेसे आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फेरी मारण्याआधी ऑनलाइन भाव पाहून ठेवावा. घासाघीस करायला आधार मिळतो.

तथापि खरेदीआधी एक काम फुकटात होते. कॅबिनेटचे दार उघडून नक्की कोण ओरडतो आहे ते शोधावे. संगणक बंद करून, प्लग काढून, एकेका पंख्याची तार सोडवावी आणि पुन्हा चालू करून ऐकावे. प्रोसेसरवरच्या पंख्याची तार मात्र सोडवू नये. अनेकदा दोषी एकच निघतो. कधी तर पंखा निर्दोष असतो आणि जुनी हार्ड डिस्क किंवा सैल झालेला पत्रा थरथरत असतो. धूळ साफ करताना पाती बोटाने धरून ठेवावीत, ब्लोअरच्या झोताने ती भन्नाट फिरू देऊ नयेत. बेअरिंगला ते सोसत नाही.

दुसरा फुकटचा उपाय बायोसमध्ये आहे. काही मदरबोर्डांवर तो ‘क्यू-फॅन’, तर काहींवर ‘स्मार्ट फॅन’ या नावाने सापडतो. तिथे तापमानानुसार वेगाची रेषा आखता येते. प्रोसेसरचे तापमान क्षणात दहा-पंधरा अंशांनी उसळते आणि उतरते. पंखा त्यामागे धावू लागला की ‘घुंऽऽ’ असा चढउतार ऐकू येतो, जो झोपमोडीला सर्वाधिक कारणीभूत ठरतो. प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब दिला आणि ५०-५५ अंशांपर्यंत वेग तळाशी ठेवला, तर हा उपद्रव थांबतो. आमच्या घरी रंगीत पंखे काढून दोन चार-पिनी पंखे लावले, एक समोरून हवा आत घेणारा व एक मागून बाहेर टाकणारा, आणि ही रेषा बसवली. त्या रात्री वडिलांनी विचारले, “आज काम नाही का रे?”

मात्र पंख्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. खोलीच्या तापमानाखाली तो काहीच थंड करू शकत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा तीच रेषा दहा-पंधरा टक्के वर सरकवावी लागेल. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला, की स्वतःच वेग कमी करून स्वतःला वाचवतो. त्याआधी काही दिवस तापमानावर नजर ठेवणे शहाणपणाचे.

बसवताना पंख्याच्या चौकटीवरचा बाण पाहावा. बाण नसेल, तर ज्या बाजूला मधल्या मोटारीला धरणाऱ्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते. जुना स्लीव्ह बेअरिंगचा पंखा टाकवत नसेल, तर मागचा स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब सोडण्याचा जुना उपाय काही काळ चालतो. पण हा प्रयोग वीजपुरवठ्याच्या पेटीतल्या पंख्यावर घरी मुळीच करू नये. त्या पेटीतील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जीवघेणा विद्युतभार धरून ठेवू शकतात. तिथून आवाज येत असेल, तर पेटी जाणकाराकडे द्यावी किंवा बदलून घ्यावी.