खुरावरची रेघ

धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत म्हणतात. घोडीचे मात्र पहिल्याच दिवशी पाहावे लागतात. मागच्या ऑगस्टमध्ये सासवडजवळच्या आमच्या पागेत ही पांढरी घोडी टेम्पोतून उतरली, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांत आधी तिचा ओठ उचलला. "दहा-अकरा वर्षं." मी वहीत वय लिहिलं. नावाचा रकाना कोरा ठेवला, कारण कागदोपत्री ती 'मुद्देमाल' होती.

ती वरातीत नाचायची. तिच्या तोंडातून जो लगाम काढला त्याला आतून काटे होते. असला लगाम वापरायला १९६५च्या नियमांपासून बंदी आहे, म्हणजे मी पाळण्यात होते तेव्हापासून. तरी तो मिळतो आणि नवरदेवाखाली वापरलाही जातो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६०च्या कायद्याखाली तक्रार झाली, आणि खटला चालेल तोवर घोडी आमच्याकडे ठेवायचा हुकूम झाला. आमच्याकडे म्हणजे दोन मोतद्दार, नऊ घोडे आणि महिन्याला दोनशे-तीनशे रुपये देणारी साठेक घरं. मी एकतीस वर्षं बँकेत काढली. निवृत्त झाल्यावर एकदा मैत्रिणीबरोबर इथं गाजरं द्यायला आले, तर कडब्याच्या पावत्या पिशवीत कोंबलेल्या दिसल्या. ते काही बघवेना. तेव्हापासून वही माझ्याकडे.

घोड्याला काट्यावर चढवणं आमच्या आवाक्यातलं नाही. शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्यायचा, त्याचा वर्ग करून अंगाच्या लांबीनं गुणायचं, आणि सेंटिमीटरमध्ये असेल तर ११,८८०नं भागायचं. किलो मिळतात. घेर १४५, लांबी १५० – म्हणजे २६५ किलो. बरगड्या मोजाव्या लागल्याच नाहीत, लांबूनच दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी गावातून चंदी यायला लागली. हरभरा, गव्हाचा कोंडा, गुळाची ढेप. बातमी पसरली होती आणि लोकांना वाईट वाटलं होतं. डॉक्टरांनी सगळं बाजूला ठेवायला लावलं. लसूणघास फक्त, थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा. मला तो माणूस तेव्हा निर्दयी वाटला होता. उपाशी शरीर चरबी आणि स्नायू जाळून चाललेलं असतं. त्याला एकदम पिठूळ, गोड खाणं मिळालं की इन्शुलिन उसळतं, आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. हृदय चालायला हीच द्रव्यं लागतात. उपासमारीतून तगलेला घोडा वाचवल्यानंतरच्या आठवड्यात, भरल्या तोबऱ्यापुढे मरू शकतो. पहिले दहा दिवस आम्ही तिला मोजून मापून खायला घालत होतो, आणि ती रिकामी बादली दातानं आपटत होती. ते ऐकणं सोपं नव्हतं.

तिला इतरांपासून दूर बांधलं होतं. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, आणि निदान पक्कं झालं तर घोडा मारावाच लागतो. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला. अहवाल येईपर्यंत कुणी तिला नाव ठेवायला तयार नव्हतं. अहवाल चांगला आला.

मग नालबंद आले. सत्तरीचे आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी पुढचा पाय गुडघ्यात घेतला, खुरावरची माती अंगठ्यानं पुसली आणि मला बोलावलं. कातडी संपून खूर सुरू होतो, त्याच्या खाली बोटभर अंतरावर आडवी खाच होती, चारही खुरांना.

"मॅडम, दोन-अडीच महिन्यांपूर्वी हिचं खाणं तुटलंय."

मी मनात महिने मोजले. जून. लग्नसराई संपली, कमाई संपली, चंदी संपली. खूर म्हणजे नखच. वरून खाली वाढतं, महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर. उपासमार, ताप, मोठं आजारपण, सगळं त्यावर उमटतं, आणि ती खूण जमिनीपर्यंत उतरायला वर्षाच्या आतबाहेर काळ लागतो. इतकी वर्षं मी नोंदी ठेवल्या, पण अशी खाडाखोड न करता येणारी नोंद पाहिली नव्हती.

"ही उतरू दे खाली," चाचा म्हणाले. "तोवर पळवायची नाही."

देणाऱ्यांबद्दल थोडं बोलायला हवं. माणसं मनापासून देतात, आणि पुष्कळदा चुकीचं देतात. बाजारात उरलेला कोबी येतो, त्यानं पोटात वायू धरतो. कांदे येतात. कांदा घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. एकानं मोठ्या प्रेमानं कोवळी हिरवी ज्वारी आणली. तिच्यातलं विष शेतकऱ्याला सांगायला नको, गाई-म्हशींना तो कोवळ्या ज्वारीत सोडत नाहीच, पण घोड्याला चालेल असं त्याला वाटलं होतं. शिवाय 'सुटकेसाठी' पैसे लगेच येतात. दर सहा आठवड्यांच्या खूरकापणीसाठी, धनुर्वाताच्या लशीसाठी, दात घासून घ्यायला कुणी देत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. मी आता पावतीवर थेट लिहिते, 'तुमच्या पैशातून चार खूर कापले.' काहींना गंमत वाटते. दोघं रागावले.

दसऱ्याला घोडे धुऊन, खरारा करून, झेंडूच्या माळा घालून उभे केले. जेजुरीला निघालेली मंडळीही थांबत होती. पांढरी घोडी म्हणजे खंडोबाची. तिच्या कपाळाला, मानेला भंडारा लागला आणि दुपारपर्यंत ती अर्धी पिवळी झाली. मोतद्दार तिला हळदी म्हणायला लागला. नावाचा रकाना भरला.

रात्री साडेनऊला त्याचा फोन. "ताई, घोडी पोटाकडं बघतीया."

या एका वाक्यानं पागेतल्या कुणाचीही झोप उडते. घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप एवढी घट्ट असते की आत गेलेलं तोंडाकडे परत येत नाही. जठर अंगाच्या मानानं लहान, आणि पुढं घडी घालून बसवलेलं प्रचंड मोठं आतडं. तिथं चारा आंबतो, तिथंच वायू अडकतो. मी पोचले तेव्हा ती पुढच्या पायानं जमीन उकरत होती, बसत होती, लोळू पाहत होती. डॉक्टरांनी नाडी मोजली, ६४. निरोगी घोड्याची २८ ते ४४. बरगडीच्या मागं कान लावला, आतून गुडगुड नाही. नाकातून नळी जठरात घातली, काही फसफसून बाहेर येतं का पाहिलं, मग त्याच नळीतून पाणी आणि तेल सोडलं. वेदनेचं इंजेक्शन दिलं. आणि मग फिरवायचं, हळूहळू, पुन्हा पुन्हा. घोडा का अडला, भाकरी का करपली, या कोड्याचं उत्तर मला लहानपणापासून पाठ होतं. त्या रात्री ते पायांनी गिरवलं.

चौकशीअंती कळलं, कुणीतरी दुपारी पिशवीभर बुंदीचे लाडू भरवले होते. नैवेद्य म्हणून.

वहीत नोंद आहे : '३.४० – लीद.' मोतद्दार, मी आणि डॉक्टर, तिघं बॅटरीच्या उजेडात त्या ढिगाकडे बघत उभे होतो आणि हसत होतो. पण डॉक्टर तीन दिवस येत राहिले आणि दर वेळी खुरांना हात लावून ऊब बघत राहिले. एवढ्या साखरेनं खुराच्या आतला भाग सुजू शकतो, आणि मग घोडा उभाच राहू शकत नाही. ऊब आली नाही. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली : नैवेद्य माणसांच्या हातात द्यावा.

हिवाळा चांगला गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सुखाच्या महिन्यांत वहीची पानं भराभर उलटतात. फेब्रुवारीत आमचा म्हातारा घोडा गेला. तो मुंबईत व्हिक्टोरिया ओढायचा. २०१५मध्ये उच्च न्यायालयानं त्या गाड्या बेकायदा ठरवल्या, त्यानंतर दोन-तीन हात फिरून इथं आलेला. शेवटी दाढाच उरल्या नव्हत्या. गवताची गोळी चावून चावून टाकून द्यायचा, म्हणून आम्ही सगळं भिजवून लापशी करून द्यायचो. एका सकाळी उठलाच नाही. त्याची बादली हळदीला दिली.

उन्हाळ्यात टँकर. एक घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो, मे महिन्यात त्याहून जास्त. गावातल्या तीन विहिरीवाल्यांनी पाळी लावून पाणी दिलं. त्यातला एक तोच, कोवळ्या ज्वारीवाला.

जूनमध्ये टेप पुन्हा लावली. घेर १६०, लांबी १५२. मी तिथंच कॅल्क्युलेटर काढलं, ३२७ किलो. खटल्याला पुढची तारीख पडली होती.

चाचा आले, खाली बसले, पुढचा उजवा पाय मांडीवर घेतला. खाच आता अगदी टोकाला होती. त्यांनी नेहमीसारखी कडा कापली, कानशीनं गोल केली आणि पाय सोडला. तुटलेला तुकडा मातीत पडला, रेघेसकट. मी तो उचलून वहीत ठेवायचं ठरवलं होतं. पागेतल्या कुत्र्यांना खुराचे तुकडे म्हणजे मेवा. मी वाकेपर्यंत तांबड्या कुत्र्यानं तो उचलला आणि कडब्याच्या गंजीमागं पळाला.

"दुसरा पाय," चाचा म्हणाले.