कच्च्या तेलाची वानगी

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने खनिज तेलावर लेखणी चालवावी, हे काही बंधूंस विचित्र वाटेल. परंतु लातूरची तूर चिक्कडपल्लीत येते ती डिझेलवरच. मालमोटारीचे भाडे वाढले की ते पोत्यावर चढते. शिवाय आपली मुले-नातवंडे आता तेलाचा वायदाही करू लागली आहेत. म्हणून या मालाची प्रत व भाव कसा ठरतो, हे आपल्या बाजाराच्या भाषेत सांगण्याचे योजिले आहे.

उमेदवारीच्या दिवसांत मी एकदा केवळ भाव उतरला म्हणून तुरीची खरेदी केली. पोती उघडली तो माल ओला. वाळवणाच्या घटीत नफा तर गेलाच, पदरचेही गेले. वडील एवढेच म्हणाले, "भाव विचारण्यापूर्वी वानगी हातात घ्यावी."

तेलाच्या वानगीच्या मुख्य कसोट्या दोन. पहिली घनतेची. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मापाने पाण्याचे १० अंश धरतात. अंश जितके अधिक, तितके तेल हलके. सुमारे ३१ अंशांच्या वरचे हलके, २२ च्या खालचे जड. आपल्याकडे हलका माल म्हणजे कमी प्रतीचा. येथे नेमके उलट! हलक्या तेलातून पेट्रोल व डिझेल सहज व अधिक निघते. दुसरी कसोटी गंधकाची. गंधक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर तेल 'गोड', अधिक असेल तर 'आंबट'. गंधक काढण्यास खर्च येतो; धान्यातील खडे-मातीसारखाच तो भावातून वजा होतो.

१९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल शोधले व १९७६ साली उत्पादन सुरू झाले. ते 'बॉम्बे हाय'चे तेल सुमारे ३८ अंशांचे, हलके आणि गोड. दुबईचे तेल सुमारे ३१ अंशांचे व २ टक्के गंधकाचे. ज्या कारखान्याची यंत्रे सुधारलेली, तो जड व आंबट तेल स्वस्तात घेऊनही चांगला माल काढतो. जाणता डाळ-गिरणीवाला हलकी तूर घेतो, तसेच हे.

प्रत्येक तेलाचा स्वतंत्र भाव कोणी पुकारीत नाही. उत्तर समुद्रातील ब्रेंट किंवा दुबई-ओमान अशा प्रमाण मालाच्या भावावर, प्रतीप्रमाणे काही डॉलर चढ किंवा उतार धरून सौदा होतो. माप पिंपाचे, एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. भारताच्या आयातीचा जो सरासरी भाव प्रसिद्ध होतो, त्यात ओमान-दुबईच्या आंबट तेलाचा वाटा तीन-चतुर्थांशांहून अधिक व उरलेला गोड ब्रेंटचा असतो.

परंतु प्रतीइतकेच महत्त्व ठिकाणाला व मुदतीला आहे. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील उत्तम, हलक्या व गोड तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. माल ओक्लाहोमातील कुशिंग येथे उचलावयाचा होता. महामारीने मागणी बसली होती आणि टाक्यांत जागा उरली नव्हती. प्रत उत्तम, परंतु ठेवावयास कोठार नाही! मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवरही त्या वायद्याचा निकाली भाव पिंपामागे उणे २,८८४ रुपये ठरला. १०० पिंपांचा एक सौदा अखेरपर्यंत धरून बसलेल्याची खरेदीची रक्कम तर बुडालीच, वर २,८८,४०० रुपये देणे झाले. 'भाव शून्याखाली कसा जाईल?' या भरवशावर स्वस्तात घेणारे त्यात सापडले.

बंधूंनो, घरातील तरुणांनी तेलाचा सौदा करू नये, असे मी म्हणत नाही. मात्र करण्यापूर्वी त्यांस तीन प्रश्न अवश्य विचारावेत : माल कोणत्या प्रतीचा, उचलावयाचा कोठे आणि मुदत कधीची? उत्तर येत नसेल, तर वानगी पाहिलेली नाही असे समजावे. तूर असो वा तेल, न पाहिलेल्या मालाचा स्वस्त भाव हाच सर्वांत महाग पडतो.